राबातल्या रोपासाठी: पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
पालघर जिल्हा



खरिपाच्या तोंडावर आपल्याकडे आढावा बैठक होते. बियाणं किती लागेल, युरिया किती उतरवायचा, कोणत्या पाड्यांना टँकर सुरू आहेत, पावसाळ्यात कोणते रस्ते तुटतात, हे सगळं तिथे बोललं जातं. त्या बैठकीत जव्हार आणि मोखाड्याच्या वतीनं मला एक विषय मांडायचा आहे. भात उगवल्यापासून आवणीसाठी, म्हणजे लावणीसाठी, उपटेपर्यंत रोप राबात, म्हणजे रोपवाटिकेच्या भाजलेल्या वाफ्यात, वीस-पंचवीस दिवस काढतं. त्या दिवसांची जबाबदारी आज कोणाकडेच नाही. बी पडलं की कागदावर पेरणी झाली, आणि आवणी उरकली की लागवड झाली. मधल्या दिवसांत पाऊस दडी मारतो, ऊन चढतं आणि रोप जागेवर करपतं. त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मी जव्हार तालुक्यात भात पिकवतो. रासायनिक खत घालत नाही, बी घरचं ठेवतो. असे शेतकरी या दोन तालुक्यांत पाड्यापाड्यावर आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी घरांतल्या बऱ्याच जणांनी आपल्या शेतीला ‘सेंद्रिय’ असं कधी म्हटलेलं नाही आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्रही नाही. वाडवडिलांनी केली तशी ते करतात. हे पत्र त्या सगळ्यांसाठी आहे.

गेल्या काही वर्षांतला पाऊस आपणही पाहिला आहे. २०१९ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. २०२३ मध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठलं आणि पुन्हा २५ जूनच उजाडला. मग २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. सगळ्यांना आनंद झाला. पण आला आणि थबकला. जूनच्या मध्यापर्यंत त्यानं पुढे पाऊल टाकलं नाही. ज्यांचा राब भाजायचा राहिला होता त्यांचा पालापाचोळा भिजून गेला. ज्यांनी धूळवाफेवर आधीच बी टाकलं होतं त्यांचं बी उगवलं आणि उघड्या उन्हात सापडलं. उशिरा येणाऱ्या पावसाची आम्हाला सवय आहे, मिरग कोरडा गेला तर बी कणगीतच राहतं. येऊन परत जाणारा पाऊस मात्र रोपाचा घात करतो, कारण तोपर्यंत बी जमिनीत जाऊन जिवंत झालेलं असतं.

हा घात नेमका कसा होतो ते जरा सविस्तर लिहितो, कारण उपाय त्यातच आहे.

भाताचं बी उष्णतेला तसं दणकट. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ योशिदा यांनी १९८१ मध्ये भातावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पिकाच्या एकेका अवस्थेला किती तापमान सोसतं याचा तक्ता आहे. बी रुजायला ४५ अंशांपर्यंत चालतं. पण रोप मातीबाहेर यायला आणि मूळ धरायला ३५ अंश ही वरची हद्द आहे. मूळ उत्तम धरतं ते २५ ते २८ अंशांत. म्हणजे ज्या उन्हात बी खुशाल रुजतं, त्याच उन्हात त्याचं मूळ अडतं. त्यात पहिले दोनेक आठवडे रोप दाण्यातल्या शिदोरीवर जगतं. तिसरं-चौथं पान येईतो ती शिदोरी संपते आणि पुढचं सगळं मुळावर येतं. उगवणीनंतर आठव्या ते पंधराव्या दिवसात उघडीप पडली की रोप सगळ्यात जास्त मरतं, त्याचं कारण हे. दाणा रिकामा होत आलेला असतो आणि मूळ अजून बोटभरही खाली गेलेलं नसतं.

दुसरी गोष्ट पानाची. पान पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतं. मुळाशी ओल असेल तर कडक उन्हातही पान तग धरतं. ओल संपली की पान आपली रंध्रं मिटून घेतं, सुरळी होतं, आणि मग ऊन त्याच्या अंगात मुरतं. आधी शेंडे करड्या रंगाचे होतात, मग पात वाळते. आम्ही म्हणतो ‘उन्हानं रोप जळालं’. खरं तर ते आधी तहानेनं व्याकूळ होतं आणि मग जळतं. म्हणून रोपावरच्या उष्णतेचा विचार पाण्यापासून वेगळा करता येत नाही.

त्यात आमची जमीन. जव्हार, मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ हा सगळा डोंगरउतार. माती उथळ, खाली मुरूम किंवा कातळ. पाऊस कोसळतो तो अडीच-तीन हजार मिलिमीटरपर्यंत, पण थांबला की दोन दिवसांत वरची माती कोरडी. आणि राबाची जागा म्हणजे बहुधा माळाचा उंचवटा, कारण खाचरात पाणी साचून कोवळं रोप कुजतं. भाजून काळ्या झालेल्या त्या मातीवर दुपारचं ऊन पडलं की ती तव्यासारखी तापते. हवेचा पारा ३४-३५ दाखवत असतो तेव्हा कोरड्या काळ्या मातीचं अंग ५० अंशांवर जाऊ शकतं, आणि रोपाची मान नेमकी तिथेच असते.

राबाबद्दल एक बोलायला हवं, कारण अधिकाऱ्यांकडून आम्ही त्यावर बरंच ऐकलं आहे. शेणाचा थर, त्यावर ऐनाचा टहाळ, पालापाचोळा, गवत, वर माती, आणि उन्हाळ्यात ते सावकाश भाजायचं. त्यानं तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे शहाणपण आहे, आणि ज्याच्याकडे तणनाशक नाही त्याला राब ‘बंद करा’ असं नुसतं सांगून भागणार नाही. पण राबाची किंमतही मी पाहतो आहे. झाडं दरवर्षी बोडकी होतात. आणि भाजलेल्या वरच्या थरात कुजलेला पाला उरत नाही, त्यामुळे ओल धरून ठेवणारं काही राहत नाही. पाऊस नियमित पडायचा तोवर हे खपून गेलं. आता आठ-दहा दिवसांची एक उघडीप पडली तरी भाजलेला वाफा आधी कोरडा होतो.

यावर तोड आपल्याच कोकणात निघालेली आहे. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती आपल्या खात्याला नवी नाही. तिचं पहिलं सूत्र भाताचा तूस आणि पेंढा शेतात परत घालण्याचं आहे. तूस अर्धवट जाळून त्याची काळी राख गादीवाफ्यात मिसळायची. त्यातून रोपाला सिलिका मिळते, पात ताठ आणि जाड होते. दुसरं सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचं. तिसरं ठरावीक अंतरावर लावणीचं. चौथं युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचं. ते आम्ही सोडून देतो. पहिली तीन सेंद्रिय शेतकऱ्याला जशीच्या तशी घेता येतात. तुसाची राख, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वीतभर उंचीचा गादीवाफा, एवढ्यानं राबाचं निम्मं काम होतं आणि ओल दोन-तीन दिवस जास्त टिकते. गिरणीतला तूस आज वीटभट्टीला जातो. तो मे महिन्यात पाड्यांवर पोचवणं हे तालुका कृषी अधिकाऱ्याच्या हातातलं काम आहे.

आता पाण्याचा हिशेब. माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे.

एक एकर भाताला पारंपरिक पद्धतीनं चार गुंठे राब लागतो, म्हणजे सुमारे ४०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. रोप वाढवायचं नाही, नुसतं जगवायचं, एवढंच धरून एका वेळी पाच मिलिमीटर पाणी दिलं तर २,००० लिटर लागतं. दिवसाआड दिलं तर दहा दिवसांच्या उघडिपीला पाच पाळ्या, १०,००० लिटर. एक टँकर. हेच पाणी आवणी झालेल्या एकरभर खाचराला द्यायचं झालं तर एक लाख लिटर लागेल, आणि तेवढं कोणी देऊ शकणार नाही. म्हणजे अख्ख्या हंगामात भाताला उन्हापासून वाचवणं आपल्या आवाक्यात असेल तर ते फक्त या वीस-पंचवीस दिवसांत. तेव्हा अख्खा एकर चार गुंठ्यांत मावलेला असतो.

ही जागा आणखी आवळता येते. श्री पद्धतीत, म्हणजे सघन भातलागवडीत, हेक्टरला एकच गुंठा वाफा आणि पाच-सहा किलो बी पुरतं. पण त्यात आठ-बारा दिवसांचं रोप लावतात, आणि आमच्या धो धो पावसात एवढं लहान रोप खाचरातून वाहून जातं. त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी इथे लादू नये. मधली वाट आहे: एकरी एक ते दीड गुंठा गादीवाफा आणि पातळ पेरणी. रोपाला पाय पसरायला जागा मिळते, ते बुटकं आणि जाड होतं. मग एका पाळीला पाचशे ते साडेसातशे लिटर पाणी, म्हणजे दोनशे लिटरची तीन-चार पिंपं. हे पाणी माणसांनी वाहून नेण्याइतकं आहे. पण नेतात कोण? बायका नेतात, हे आपण जाणताच. जूनमध्ये त्या आधीच झिऱ्यावरून पिण्याचं पाणी आणत असतात. म्हणून राबाचं पाणी हा त्यांच्या डोक्यावर चढवलेला आणखी एक हंडा होऊ नये. ते राबाच्या वरच्या अंगाला साठलेलं असावं, आणि पाइपनं उताराला यावं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं जलकुंड इथे उपयोगी पडेल. प्लास्टिकचा कागद अंथरलेला काही हजार लिटरचा लहान खड्डा आंब्या-काजूच्या कलमांसाठी या भागात लोकांनी पाहिलेला आहे. तोच राबाच्या डोक्याला खणला आणि वर गवताचं झाकण दिलं, तर मेच्या वळवात किंवा पहिल्या सरीत भरून राहील आणि उघडिपीत कामाला येईल. रोजगार हमीतून एप्रिल-मेमध्ये ही कामं निघाली तर वीटभट्टीवरून परत आलेल्या माणसाला गावात मजुरी मिळेल आणि खड्डा वेळेवर तयार होईल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मंजुरी मिळालेलं काम आम्हाला निरुपयोगी आहे. ज्या पाड्याजवळ बारमाही विहीर किंवा झरा आहे, तिथे दहा-वीस घरांनी मिळून एकाच जागी वाफे घालावेत, ही दुसरी सोय. एक माणूस राखण करेल, एकाच पंपावर सगळ्यांचं भागेल.

मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मध्य वैतरणा धरण आहे. ते २०१४ मध्ये पूर्ण झालं आणि त्याची क्षमता मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची आहे. वरच्या हिशेबानं त्या एका दिवसाच्या पाण्यात पंचेचाळीस हजार एकरांचे राब दहा दिवस जगतील. मुंबईकरांच्या तोंडचं पाणी मला पळवायचं नाही, आणि ते पाणी डोंगरावर चढवणं सोपं नाही हेही मला कळतं. पण ज्या तालुक्यातून एवढं पाणी खाली जातं, तिथल्या माणसानं भाताच्या रोपासाठी वर्षातून एकदा एक टँकरभर पाणी मागितलं, तर ती मागणी मोठी म्हणता येणार नाही. पावसाच्या पहिल्या सरी आल्या की पाड्यांचे टँकर बंद होतात. उघडीप पडली तर ते पुन्हा सुरू करण्याचा अधिकार तहसीलदारांना आधीच देऊन ठेवावा. पिण्याच्या पाण्याला हात न लावता त्यातली ठरावीक खेप राबासाठी असावी.

पाणी देण्याची वेळ महत्त्वाची. दुपारी उथळ पाणी वाफ्यात साचवून ठेवलं तर ते स्वतःच तापतं आणि रोपाचा बुंधा शेकून काढतं. पाणी संध्याकाळी द्यायचं, रात्रभर माती पिते. बी टाकल्यावर पेंढ्याचा किंवा पळसाच्या पानांचा पातळ थर पसरायचा आणि अंकुर दिसले की काढायचा. सावलीबद्दलही एक भ्रम आहे. पश्चिमेला टहाळांचा कूड उभा केला की काम झालं असं वाटतं. त्याचा उपयोग तिसऱ्या प्रहरानंतर होतो. जूनमध्ये इथे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सावली पायाशी पडते. अकरा ते तीनच्या उन्हासाठी कमरेएवढ्या उंचीचा विरळ मांडवच लागतो: चार मेढी, आडव्या बांबूच्या काठ्या, वर सागाची पानं, मधून निम्मं ऊन गळेल असा. चार गुंठ्यांवर असा मांडव घालणं अशक्य आहे, एका गुंठ्यावर घरची माणसं अर्ध्या दिवसात घालतात. आभाळ भरून आलं की तो काढायलाच हवा, नाहीतर रोप लांबट होतं आणि दमट सावलीत करपा रोग शिरतो. अनुदानाच्या शेडनेटचा प्रस्ताव कोणी पुढे केला तर कृपा करून थांबवा. वीस दिवसांच्या कामासाठी लोखंडी सांगाडा डोंगरात नेऊन काही साधणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट गावच्या कृषी सहायकांना शिकवायला हवी. कोरड्या वाफ्यात रोपाला लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी, कधी पांढुरकी निघतात. ते रोप मेलेलं नसतं. पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं. पण पिवळं रोप पाहून घाबरलेला शेतकरी एक तर ते मोडून टाकतो, नाहीतर दुकानदार देईल ती बाटली फवारतो. शेंडा वाळून करडा झाला आहे की नवं पान फिकट आलं आहे, एवढं पाहून सांगणारा माणूस त्या आठवड्यात पाड्यावर फिरला तर बरीच रोपं वाचतील.

एवढं सगळं करूनही काही राब जातीलच. मग काय होतं ते मला आपल्यापुढे ठेवायचं आहे, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

रोप गेलं की शेतकरी दुबार पेरतो. पण पेरतो काय? घरचं बी एका पेरणीपुरतं राखलेलं असतं. बाकीचा भात तोवर खाऊन संपत आलेला असतो. मग दुकान. दुकानात मिळतं ते संकरित किंवा सुधारित बी, तेही उधारीवर. ते बी युरिया मागतं, म्हणून सोबत गोणी येते. पुढच्या वर्षी संकरित दाणा बियाण्याला चालत नाही, म्हणून पुन्हा दुकान. कोळपी, डांगी, महाडी, राजघुड्या असे वाण या डोंगरात लोकांनी निवडून निवडून टिकवले. कोणता उतारावर तग धरतो, कोणता पाणथळ खाचरात उभा राहतो, कोणता पेजेला चांगला, कोणता बाळंतिणीला, हे घरच्या म्हाताऱ्या बाईला ठाऊक असतं. एका खराब जूनमध्ये असा वाण एका घरातून जातो. शेजारच्या घरात तो नसेल तर पाड्यातूनच जातो. शेतकऱ्यानं सेंद्रिय शेती सोडायचं ठरवलेलं नसतं. त्याचं रोप करपलं म्हणून ती त्याच्या हातून सुटते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. २,४८१ कोटी रुपयांची ती योजना आहे आणि तिच्यात गट, प्रशिक्षण, जिवामृताची केंद्रं असं बरंच काही आहे. चांगलं आहे. पण जव्हार-मोखाड्यात जिवामृत शिकवायला माणूस पाठवण्याआधी दुबार पेरणीला घरच्या वाणाचं बी कुठून येणार याची सोय झाली पाहिजे. बायफ संस्थेनं जव्हार भागात शेतकऱ्यांना सोबत घेऊन स्थानिक वाण जमवण्याचं आणि बीज बँकेचं काम केलेलं आहे, म्हणजे सुरुवात शून्यातून नाही. माझी मागणी अशी की ग्रामपंचायतीगणिक एक राखीव कणगी असावी. गावच्याच शेतकऱ्यांकडून डिसेंबरमध्ये रास्त भावानं बी विकत घ्यावं, राख आणि निरगुडीचा पाला घालून ठेवावं, आणि राब गेला त्याला जूनमध्ये द्यावं. त्यानं पीक आल्यावर सवाईनं परत करावं. त्या कणगीत हळव्या वाणाचं बी जास्त असावं, कारण आर्द्रा नक्षत्र उलटल्यावर पेरायची वेळ आली तर लवकर पिकणारं भातच पदरात पडतं. सरकारी गोदामातून ऐनवेळी आलेली संकरित बियाण्याची पिशवी ही मदत नव्हे, आमच्यापुरतं तरी नव्हे.

इथे भात विकायला कमी आणि खायला जास्त पिकतं. वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जव्हार ठाऊक झालं. भात कमी आलं की दिवाळी व्हायच्या आतच भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांची वाट धरावी लागते. मुलं सोबत जातात, शाळा आणि अंगणवाडी दोन्ही सुटतात. राबातल्या रोपाचा विषय फक्त कृषी खात्यावर सोपवू नये, जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयानंही तो आपला मानावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

पावसाच्या अंदाजाबद्दल. दरवर्षी सल्ला येतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. मराठवाड्यात, विदर्भात त्याला अर्थ आहे. जव्हारला शंभर मिलिमीटर एका रात्रीत पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ऊन पडू शकतं. किती पडला याचा आम्हाला उपयोग नाही, पुढे किती दिवस थांबणार हे कळायला हवं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. तो वाचून ‘या आठवड्यात बी भिजत घालू नका’ किंवा ‘राबाला पाण्याची तयारी ठेवा’ असं साध्या मराठीत, वारलीत सांगणारा जिल्ह्याचा माणूस हवा. हे काम जिल्हा कृषी हवामान केंद्रांचं होतं. देशभरातली अशी १९९ केंद्रं २०२४ मध्ये बंद करण्यात आली. दिल्लीचा निर्णय आपण बदलू शकत नाही, पण कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जिल्हा नियोजनच्या किंवा आदिवासी उपयोजनेच्या निधीतून मे ते जुलै एक हवामान तज्ज्ञ बसवणं आपल्याला जमण्यासारखं आहे. संदेश मोबाइलवर पाठवला की काम झालं असं समजू नये, कितीतरी पाड्यांवर रेंज नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, रेशन दुकान आणि आठवडी बाजारातला भोंगा यांतून तो दोन दिवसांत सगळीकडे जातो.

पंचनाम्याचं थोडक्यात सांगतो. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयातला पीक विमा बंद केला आणि भरपाई कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर ठेवली. जे रोप आवणीपर्यंत पोचलंच नाही ते कापणी प्रयोगात कधीच येणार नाही. मी विम्यासाठी भांडत नाही. राब गेल्याची नोंद तलाठी आणि कृषी सहायकांनी तीन दिवसांत करावी आणि त्या नोंदीवर राखीव कणगीतलं बी मिळावं, एवढंच म्हणणं आहे. रोपाच्या बाबतीत तीन आठवड्यांनी आलेल्या पैशापेक्षा तिसऱ्या दिवशी मिळालेलं पायलीभर बी मोलाचं असतं. तेवढ्यात पेरलं तरच ते आवणीला येतं.

यातलं सगळं एका वर्षात होणार नाही हे मला दिसतं. म्हणून या खरिपासाठी दोन्ही तालुक्यांत मिळून थोडेच पाडे निवडावेत. काही खोडाळा-सूर्यमाळच्या उंच अंगाचे, काही जव्हारच्या खालच्या बाजूचे, काही बारमाही झऱ्याजवळचे आणि काही अजिबात पाणी नसलेले. तिथे गादीवाफा, तुसाची राख, जलकुंड आणि राखीव कणगी एवढं करून पाहावं. शेजारीच जुन्या पद्धतीचा राबही असू द्यावा. किती रोप जगलं याची मोजणी शेतकऱ्यांसमोर व्हावी आणि फसलं तर तेही लिहिलं जावं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना एकदा आवणीआधी आणि एकदा कापणीला बोलवावं. त्यांनी स्थानिक वाणांना उष्णता कितपत सोसते याचीही पाहणी केली तर आमच्या डोंगरातल्या वाणांत उद्या साऱ्या कोकणाला उपयोगी पडेल असं काही सापडू शकेल.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं आणि त्यानंतर कोणाला बैठकीला वेळ नसतो. त्याआधी या एका विषयावर बैठक घ्यावी, आणि ती पालघरला न घेता जव्हारला, आठवडी बाजाराच्या दिवशी घ्यावी. बाजाराला लोक तसेही येतात, गाडीभाड्याचा वेगळा भुर्दंड पडणार नाही, आणि राबाचं पाणी ज्या वाहतात त्या बायकाही बसू शकतील. त्यांना पुढच्या रांगेत बसवावं आणि वाफ्याची जागा, पाण्याची वेळ, कोणतं बी राखायचं हे आधी त्यांना विचारावं.

आपला नम्र,
जव्हार तालुक्यातील एक भातशेतकरी